एकच पीठ, तीन संध्याकाळी आणि सहा डबे ख्रिसमस कुकीज

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी संध्याकाळी सातला कामावरून घरी येते. ख्रिसमसला सहा घरी कुकीजचे डबे द्यायचे आहेत. प्रत्येक डब्यात पंधराएक कुकीज, त्याही तीन-चार प्रकारच्या. मागच्या वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री सगळं एका दमात करायला गेले. वेळ वाचावा म्हणून बटर मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं, कृतीत नसतानाही अर्धा चमचा बेकिंग पावडर घातली आणि चांदण्या कापून लगेच ओव्हनमध्ये सारल्या. चांदण्यांच्या थाळ्या झाल्या. दुसरा ट्रे पहिल्याहूनही वाईट निघाला. काही कुकीज खालून काळ्या झाल्या तरी मधे मऊच राहिल्या, आणि आयसिंग कडेवरून ओघळून गेलं. झटपट होणारी एखादी खात्रीची कृती सांगाल का? आणि किती दिवस आधी करून ठेवलेलं चालेल?
– धावपळीतली बेकर

उत्तर: दुसरा ट्रे पहिल्याहून वाईट निघाला, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. पीठ तेच, ओव्हन तोच. बदलला तो फक्त ट्रे. पहिल्या फेरीतून तो तापून बाहेर आला आणि त्यावर तुम्ही लगेच दुसऱ्या चांदण्या मांडल्या. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे गरम ट्रेवर ठेवलेली कुकी ओव्हनचं दार उघडायच्या आधीच पसरायला लागते. चांगल्या भाजणीत कुकीच्या कडा आधी घट्ट होतात आणि आतलं बटर त्यानंतर पूर्ण वितळतं. वितळवलेलं बटर, फ्रीजमध्ये न ठेवलेलं पीठ आणि तापलेला ट्रे या तिघांनी हा क्रम उलटा केला. वरून बेकिंग पावडर. तिने कुकी फुगते, मग बसते, आणि बसताना चांदणीची टोकं घेऊन बसते. साच्याने कापायच्या कुकीजमध्ये बेकिंग पावडर नकोच.

आता तुमचा खरा प्रश्न, वेळेचा. दहा मिनिटांत होणारी कृती शोधण्यापेक्षा काम तीन संध्याकाळींवर वाटून टाका. कुकीजमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो पीठ थंड होण्यात आणि आयसिंग वाळण्यात, आणि या दोन्ही वेळी तुम्ही स्वयंपाकघरात असायची गरज नसते. एका रात्रीत सगळं उरकायला गेलं की नेमक्या याच दोन पायऱ्या गाळल्या जातात. हाताचं काम मात्र पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दीड तास आणि तिसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास, एवढंच आहे.

आणि प्रकार चार हवे असले तरी पीठ एकच करा. साखर एक भाग, बटर दोन भाग, मैदा तीन भाग, हे शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण तुमच्या कामाचं आहे. त्यात अंडं नाही, सोडा नाही, बटरमधलं सोडलं तर पाणीही जवळजवळ नाही. म्हणून ते आकार धरून ठेवतं, फ्रीझरमध्ये छान टिकतं आणि भाजल्यावरही बरेच दिवस खुसखुशीत राहतं. तुमच्या सहा डब्यांसाठी २०० ग्रॅम पिठीसाखर, ४०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ६०० ग्रॅम मैदा, सपाट एक छोटा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मीठ आणि दोन छोटे चमचे व्हॅनिला इसेन्स घ्या. खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका. पिठीसाखर घरी दळलेली असेल तर चाळून घ्या. दाणेदार साखर इथे चालणार नाही, कारण ती ओव्हनमध्ये विरघळून पातळ होते आणि कुकीला आडवं पसरवते.

हे सगळं वजनकाट्यावर मोजा, कपाने नको. कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, डब्यात कप खुपसून दाबून घेतला तर १५० ग्रॅमच्या वर जातो. चार-पाच कपांत हा फरक शंभर-दीडशे ग्रॅमचा होतो आणि मग एकदा पीठ भुरभुरतं, एकदा पसरतं, आणि कृती तीच असूनही असं का होतं ते कळत नाही.

पहिली संध्याकाळ: पीठ आणि आकार

बटर किती मऊ हवं? बोटाने दाबलं की खड्डा पडावा, पण बोट चकचकीत होऊ नये आणि तुकडा आपला आकार धरून असावा. थर्मामीटर असेल तर १८ ते २० अंश. घरी आल्याआल्या बटरचे सुपारीएवढे तुकडे करून ताटात पसरून ठेवा. जेवण होईपर्यंत ते तयार असेल. घाईच असेल तर थंड बटर किसणीवर किसा, दहा मिनिटांत कामाचं होतं. मायक्रोवेव्ह मात्र नको. तो बटर एकसारखं तापवत नाही. कडा घट्ट दिसतात तोवर मधलं वितळलेलं असतं, आणि एकदा वितळलेलं बटर पुन्हा थंड केलं तरी साखरेबरोबर पहिल्यासारखं फेटलं जात नाही.

बटर, पिठीसाखर, मीठ आणि इसेन्स एकत्र करून हँड मिक्सरच्या कमी वेगावर दीड ते दोन मिनिटं फेटा. केकसारखं पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत नाही. इथे जास्त फेटलं तर आत हवा भरते, कुकी ओव्हनमध्ये फुगते आणि नंतर पसरते. साखर बटरमध्ये मिसळली, कुठे कोरडी दिसत नाही, की थांबा. लाकडी चमच्यानेही हे काम होतं.

मग मैदा दोनदा करून घाला आणि अगदी थोडंच मिसळा. मिश्रण ओलसर रव्यासारखं दिसायला लागलं, मुठीत दाबलं की वळतंय पण अजून गोळा झालेला नाही, या टप्प्यावर हात आवरा. चार प्रकार करायची सगळी सोय इथेच आहे. हे भुरभुरीत मिश्रण काट्यावर ठेवून सुमारे ३०० ग्रॅमचे चार भाग करा आणि स्वाद आत्ता घाला. गोळा झाल्यावर मसाला किंवा सुका मेवा घालायला गेलात तर तो एकसारखा पसरेपर्यंत मळत बसावं लागतं. त्यात बटर हाताच्या उष्णतेने सुटतं, मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी खुसखुशीत व्हायच्या ऐवजी कडक होते.

पहिला भाग साधाच ठेवा, तो साच्याने कापायच्या कुकीजसाठी. दुसऱ्या भागात एक छोटा चमचा सुंठ पूड, एक छोटा चमचा दालचिनी पूड आणि चिमूटभर लवंग पूड घाला; लवंग जास्त झाली तर बाकी काही लागत नाही, तेव्हा तिथे हात आखडता ठेवा. तिसरा भागही साधाच, तो जॅमच्या कुकीजसाठी. चौथ्यात ६० ग्रॅम बदाम किंवा अक्रोड जाडसर कुटून घाला. मेवा मिक्सरमध्ये फिरवत असाल तर थांबून थांबून फिरवा, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. मग प्रत्येक भाग तळहाताने दाबून एकत्र आणा. एखादा भाग अगदीच वळत नसेल तर दूध घाला, पण एक छोटा चमचा, आणि दाबून पाहिल्यावरच दुसरा. पीठ चाखून बघायचा मोह होईल. तो टाळा, मुलांनाही देऊ नका. अंडं नसलं तरी मैदा कच्चा आहे आणि कच्च्या मैद्यातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

आता आकार द्या, आणि तो लगेच द्या. बहुतेक कृती पिठाचा गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायला आणि मग लाटायला सांगतात. तसं केलं की दगडासारखा गोळा बाहेर येतो, तो मऊ होईपर्यंत वाट बघावी लागते, तोवर कडा वितळतात आणि मधे भेगा पडतात. त्यापेक्षा साधा भाग मऊ असतानाच दोन बटर पेपरांमध्ये ठेवून ५ मिलीमीटर जाडीचा लाटा. दोन कागदांमध्ये लाटल्यामुळे वरून कोरडा मैदा भुरभुरावा लागत नाही. जाडी एकसारखी राहण्यासाठी दोन्ही बाजूंना ५ मिलीमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवा. ही पोळी कागदांसकट ट्रेवर ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये किंवा दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पातळ असल्याने ती गोळ्यापेक्षा कितीतरी लवकर गार होते.

तेवढ्या वेळात मसाल्याच्या भागाचा रोल करा: ४ सेंटीमीटर जाडीचा, सुमारे २० सेंटीमीटर लांब. बटर पेपरमध्ये गुंडाळून दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा. पहिल्या अर्ध्या तासात तो एक-दोनदा फिरवून ठेवा, नाहीतर खालची बाजू चपटी होते. जॅमच्या भागाचे १५ ग्रॅमचे २० गोळे करा, थोडे दाबा आणि मधे अंगठ्याने किंवा छोट्या चमच्याच्या पाठीने खळगा करा. हा खळगा पीठ थंड व्हायच्या आधीच करायचा. गार गोळ्याला दाबलं की कडा चिरतात आणि त्या चिरेतून जॅम बाहेर पडतो. मेव्याच्या भागाचे १५ ग्रॅमचे २४ गोल गोळे. दोन्ही ताटल्या तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोळे कडक झाले की एकेका पिशवीत भरून ठेवा.

पोळी एव्हाना गार झालेली असेल. वरचा कागद सोडवा, पोळी उलटी करा, दुसरा कागदही सोडवून परत सैल ठेवा आणि मग कापा. ही पायरी लोक विसरतात आणि मग चांदणी कागदाला चिकटून एक टोक मागे राहतं. ६ सेंटीमीटरच्या साच्याने साधारण १८ कुकीज निघतील. उरलेले तुकडे मळू नका. शेजारी शेजारी लावून दाबा आणि पुन्हा कागदांमध्ये लाटा. कापलेले आकार कागदाचे थर घालून सपाट डब्यात, फ्रीझरमध्ये.

किती आधी करता येईल, असं विचारलं होतंत. हे सगळं फ्रीजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये नीट गुंडाळून दोन महिने राहतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली एखादी मोकळी संध्याकाळ सापडली तरी पुरे. पिशवीवर प्रकार, तारीख, तापमान आणि मिनिटं लिहून ठेवा. घट्ट बांधून ठेवायचं कारण असं, की बटर फ्रीजमधला वास फार पटकन ओढून घेतं.

दुसरी संध्याकाळ: भाजणं

२२ डिसेंबरची संध्याकाळ यासाठी ठेवा. घरी आल्यावर पहिलं काम ओव्हन लावणं. पंखा नसलेल्या ओव्हनसाठी वर-खाली दोन्ही कॉइल चालू ठेवून १७० अंश, पंखा चालू असेल किंवा मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर करत असाल तर १६० अंश. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं धरू नका. आतली हवा तापलेली असते, भिंती अजून गार असतात, आणि दार उघडलं की हवेतली उष्णता निघून जाते. वीस मिनिटं द्याच. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक असणं काही नवीन नाही. तुम्ही वर्षातून एकदाच कुकीज करत असलात तरी आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर जरूर घ्या. खालून काळ्या आणि मधे कच्च्या कुकीजचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

खालून करपण्याची आणखी दोन कारणं आहेत: ट्रे खालच्या कॉइलच्या जवळ असणं, आणि ट्रे पातळ, काळा असणं. काळा धातू उष्णता जास्त शोषतो. ट्रे मधल्या खणात ठेवा, बटर पेपर घाला, आणि तळ तरीही लवकर रंगत असेल तर एकावर एक असे दोन ट्रे ठेवून भाजा. मधली हवेची पातळ फट खालची उष्णता अडवते. ट्रेला तूप-तेल लावू नका. तेलकट पृष्ठभागावर कुकीला पाय रोवायला जागा मिळत नाही आणि ती घसरत पसरते.

सगळा ट्रे भरायच्या आधी एकच कुकी भाजून बघा. बारा मिनिटं जातात, पण शंभराच्या आसपास कुकीजचा प्रश्न आहे. ती पसरली तर उरलेले आकार आणखी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. तळ लवकर रंगला तर तापमान दहा अंश उतरवा. कोणता दोष कशाने झाला ते एका कुकीवर कळलेलं बरं.

साच्याच्या कुकीज फ्रीझरमधून काढून थेट मांडा, मधे दोन-दोन सेंटीमीटर जागा सोडून, आणि १२ ते १४ मिनिटं भाजा. एका ट्रेवर एकाच आकारमानाचे आकार ठेवा. लहान हृदयं आणि मोठी झाडं एकत्र ठेवली तर एकतर हृदयं करपतात नाहीतर झाडं कच्ची राहतात. कधी काढायच्या? कडा फिकट सोनेरी, मधला भाग अजून पांढरट आणि बोट लावलं तर थोडा मऊ, तेव्हा. मागच्या वर्षी तुम्ही बहुधा मधला भाग कडक व्हायची वाट बघितलीत. गरम कुकी कधीच कडक लागत नाही. ती कडक होते ती गार होताना, बटर परत गोठल्यावर. ओव्हनमध्येच कडक झालेली कुकी गार झाल्यावर दाताला त्रास देते. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, आधी उचललीत तर मोडेल. पण त्याहून जास्त ठेवू नका, गरम ट्रे तळ भाजतच राहतो. मग जाळीवर काढा.

मसाल्याचा रोल फ्रीझरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि धारदार सुरीने ७ मिलीमीटरच्या चकत्या करा. अगदी कडक असताना कापायला गेलात तर चकत्या चिरतात. दर चार-पाच चकत्यांनंतर रोल थोडा फिरवा म्हणजे गोलाई टिकते. साधारण ३० चकत्या होतील, ११ ते १३ मिनिटं. रंगावरून यांचा अंदाज घेणं कठीण, मसाल्याने पीठ आधीच तपकिरी असतं. तेव्हा कडेची चकती उचलून तळ बघा: कडेने रंगलेला असावा, मधे फिका.

मेव्याचे गोळे जरा हळू भाजायचे. तापमान १६० अंशांवर आणा, पंखा असेल तर १५० वर, आणि १६ ते १८ मिनिटं द्या. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, मग कोमट असतानाच पिठीसाखरेत घोळवा. फार गरम असताना घोळवलं तर साखर वितळून चिकट राप बसतो, पूर्ण गार झाल्यावर घोळवलं तर ती चिकटतच नाही. कोमटपणी पहिला पातळ थर बसतो. पूर्ण गार झाल्यावर दुसऱ्यांदा घोळवा, की बर्फाच्या गोळ्यासारखी पांढरी गुबगुबीत साल येते.

ट्रे एकच असेल तर दोन फेऱ्यांच्या मधे तो आधी दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या, मग पाठीवर गार पाणी सोडून पुसून घ्या. एकदम पाण्याखाली धरलात तर पातळ ट्रे वाकतो. पुढच्या कुकीज तोवर वेगळ्या बटर पेपरवर मांडून फ्रीजमध्ये ठेवा. ट्रे गार झाला की कागदासकट सरकवायच्या. ट्रे दोन असतील तर प्रश्नच नाही. एका वेळी मात्र एकच ट्रे भाजा. दोन खणांत दोन ट्रे ठेवून वेळ वाचतो असं वाटतं, पण वरचा रंगतो, खालचा करपतो आणि मधेच अदलाबदल करायला दार उघडून उष्णता घालवावी लागते.

जॅमच्या कुकीज आज भाजू नका. जॅममधला ओलावा दोन-तीन दिवसांत कुकीत उतरतो आणि ती मऊ पडते. त्या शेवटच्या संध्याकाळी.

तिसरी संध्याकाळ: आयसिंग आणि जॅम

ही २३ डिसेंबरची, कारण आयसिंगला पूर्ण रात्र वाळायला हवी. मागच्या वर्षी ते ओघळलं ते दोन कारणांनी: कुकी गरम होती आणि आयसिंग पातळ होतं. कोमट कुकीवरही घालू नका. हाताला थंड लागली पाहिजे. तुमच्या भाजून कालपासून डब्यात असतील, म्हणजे ही अडचण आपोआप मिटली.

१५० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घ्या, त्यात दीड मोठा चमचा पाणी आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस घाला. दूध नको, या कुकीज काही दिवस बाहेर राहणार आहेत. आता ढवळा आणि चमचा उचलून धार सोडा. धारेची रेघ वाटीतल्या आयसिंगवर दिसते आणि दहा-बारा सेकंदांत मिसळून जाते, तेव्हा ते बरोबर झालं. रेघ लगेच नाहीशी झाली तर एक चमचा साखर वाढवा, तशीच उभी राहिली तर पाव छोटा चमचा पाणी. इथे पाणी थेंबांनी मोजावं लागतं. एक चमचा जास्त पडला तर मग साखर ओतत बसावी लागते.

कोनाने कडा आखून मधे भरणं सुंदर दिसतं, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही आणि त्याची गरजही नाही. कुकी कडेने धरून तिचा फक्त वरचा चेहरा आयसिंगमध्ये टेकवा, सरळ वर उचला, चार-पाच सेकंद निथळू द्या, एकदा हलकेच झटका, उलटी करून जाळीवर ठेवा. कडेला थेंब लोंबत असेल तर बोटाने पुसा. एखादा बुडबुडा दिसला तर टूथपिकने फोडा. अशा १८ कुकीज पंधरा मिनिटांत होतात आणि पृष्ठभाग आरशासारखा सपाट येतो. सजावटीची रंगीत साखर किंवा मणी पहिल्या मिनिटभरात टाका, नंतर साय धरते आणि काही चिकटत नाही. रंग हवा असेल तर जेलचा वापरा, पातळ रंगाने आयसिंग सैल होतं. आणि एका कुकीवर एकच रंग. ओल्या पांढऱ्यावर लाल रेघ काढली तर सकाळपर्यंत ती गुलाबी होऊन पसरते.

वाळताना झाकू नका, फ्रीजमध्येही ठेवू नका. फ्रीजमधून बाहेर काढलं की वर दव धरतं आणि आयसिंग चिकट होऊन डागाळतं. हवा दमट असेल तर खोलीतला पंखा लावून ठेवा.

कुकीज वाळत असतानाच ओव्हन १७० वर तापवून जॅमच्या कुकीज घ्या. फ्रीझरमधून थेट ट्रेवर, आधी ९ मिनिटं रिकाम्याच. खळगे भाजताना थोडे वर येतात, ते चमच्याच्या पाठीने परत दाबा, प्रत्येकात अर्धा छोटा चमचा घट्ट जॅम घाला आणि आणखी ६ मिनिटं. जॅम काठोकाठ भरू नका, तो उकळतो आणि बाहेर सांडून करपतो. पातळ जॅम असेल तर आधी छोट्या पातेल्यात दोन-तीन मिनिटं आटवून गार करून घ्या. सुरुवातीपासून जॅम घालून भाजलं तरी चालतं, फक्त तो जास्त आटून चिवट होतो. दोन टप्प्यांत भाजलेला चकचकीत आणि मऊ राहतो.

जिंजरब्रेडच्या माणसांचा विचार तुमच्या मनात आला असेल तर तो या वर्षी बाजूला ठेवा. त्याच्या पिठात काकवी किंवा सिरप आणि सोडा असतो, ते चिकट असल्यामुळे जास्त वेळ थंड व्हावं लागतं आणि दुसऱ्या पिठाचा पसारा वाढतो. मसाल्याच्या चकत्यांनी ती चव भरून निघते.

आणि एखादी संध्याकाळ हातची गेलीच, कामावरून दहाला घरी आलात, तर लाटणं, कापणं सगळं सोडा. याच प्रमाणाचं अर्धं पीठ, म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर आणि ३०० ग्रॅम मैद्याचं, बटर पेपर लावलेल्या २० सेंटीमीटरच्या चौकोनी टिनमध्ये वाटीच्या तळाने सपाट दाबा, काट्याने टोचे मारा आणि १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. टिनमधून काढायच्या आधी, गरम असतानाच, सुरीने २४ तुकडे पाडा. गार झाल्यावर कापायला गेलात तर चुरा होईल. वरून पिठीसाखर चाळा. ख्रिसमसच्या डब्यात ठेवायला हा शॉर्टब्रेडही अजिबात कमी नाही.

डबे २४ तारखेला भरा. प्रत्येकात साच्याच्या ३, मसाल्याच्या ५, मेव्याच्या ४ आणि जॅमच्या ३, म्हणजे पंधरा; सहा डब्यांना ९० लागतील आणि जॅमच्या दोन उरतील. मसाल्याच्या चकत्या तळाला, त्या सगळ्यात दणकट असतात. वर बटर पेपर, मग मेव्याचे गोळे, परत कागद आणि सगळ्यात वर आयसिंगच्या, चेहरा वर करून. जॅमच्या कुकीज कागदी वाट्यांमध्ये वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, त्यांचा ओलावा बाकीच्यांना लागू देऊ नका. आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा: यात मैदा, बटर आणि बदाम किंवा अक्रोड आहेत, जॅमच्या चार दिवसांत संपवा, बाकीच्या घट्ट झाकणात दहा-बारा दिवस राहतील. मेव्याची ॲलर्जी असणारं कुणी त्या सहा घरांत आहे का, ते मात्र पहिल्या संध्याकाळच्या आधी विचारून घ्या. असेल तर चौथा भाग मेव्याशिवायच करा. तेव्हा त्यात १५ ग्रॅम कोको आणि दोन छोटे चमचे दूध घाला, गोळे २१ होतील, आणि पिठीसाखरेत तेही तितकेच शोभून दिसतात.